तंत्रस्नेही शिक्षक म्हणून तुमचं नाव पुढे आलंय? मग पहिल्या वर्षात काय काय करायचं ते बघा

जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये कामं वाटली जातात, परीक्षा विभाग कोणाकडे, पोषण आहार कोणाकडे, सहल कोणाकडे, आणि मग मुख्याध्यापकांची नजर फिरत फिरत सगळ्यात लहान वयाच्या शिक्षकावर येऊन थांबते. "तुम्हाला मोबाईलमधलं सगळं येतं ना, मग तंत्रस्नेही तुम्हीच." झालं. ना ऑर्डर, ना प्रशिक्षण, ना आठवड्यातला एक तास कमी. ठाण्यात काय, ऐरोली-घणसोलीला काय, मनपाची शाळा असो नाहीतर अनुदानित, थोड्याफार फरकाने हेच होतं. मी पण असाच ह्यात आलो आणि आता आमच्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) नवीन शिक्षक मुलामुलींना ह्यातलं जे लागेल ते सांगत असतो, तेच इथे लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ह्या एका नावाखाली दोन पूर्ण वेगळी कामं येतात. एक म्हणजे पोर्टलचं काम, यूडायस प्लस, सरल, आधार मिसमॅच, शिष्यवृत्तीचे फॉर्म, फोटो अपलोड, "आज चार वाजेपर्यंत लिंक भरा" वगैरे. दुसरं म्हणजे शिकवण्यात तंत्रज्ञान नीट वापरता यावं म्हणून बाकीच्या शिक्षकांना मदत करणं. पहिल्या कामाला वरून फोन येतो, तारीख असते, न केल्यास नोटीस असते. दुसऱ्याला ह्यातलं काहीच नसतं, म्हणून पहिलं काम दुसऱ्याला खाऊन टाकतं आणि वर्षअखेरीला तुम्ही शाळेचे बिनपगारी डेटा ऑपरेटर झालेले असता. ह्या लेखात सगळं दुसऱ्या कामाबद्दल आहे. पोर्टलं काय, तुम्ही शिकालच, शिकावंच लागतं.

सुरुवात: मुख्याध्यापकांसोबत निवांत बसा

चालता चालता व्हरांड्यात नाही, वेळ मागून घ्या. पोर्टलचं काम करणार नाही असं म्हणू नका, ते चालणारही नाही आणि संबंध बिघडतील ते वेगळंच, पण ते दोन-तीन जणांत वाटून मागा. हायस्कूलला क्लार्क असतो, मनपाच्या प्राथमिक शाळेत बऱ्याचदा नसतो, तिथे प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची माहिती स्वतः भरायची आणि तुम्ही फक्त अडलं तर बघायचं, अशी पद्धत बसवता येते. पहिले दोन महिने कुरकुर होते, मग चालतं.

त्याहून महत्त्वाचं मागणं वेळापत्रकातलं आहे. आठवड्यातला तुमचा एक ऑफ तास असा लावून घ्या की त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या शिक्षकाचा वर्ग चालू असेल. म्हणजे तुम्हाला त्यांच्या वर्गात जाऊन मागे बसता येईल. पुढे जे सगळं सांगणार आहे ते ह्या एका तासावर उभं आहे, तो नसेल तर बाकीचं निव्वळ बोलणं आहे. वेळापत्रक एकदा भिंतीवर लागलं की मग कोणी हलवत नाही, त्यामुळे हे जूनमध्येच.

आणि चावी. हसू नका. कितीतरी शाळांमध्ये कॉम्प्युटर लॅबची चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची चावी त्यांच्या पर्समध्ये आणि मुख्याध्यापक मीटिंगला. एक चावी तुमच्याकडे, एक शिपाई मामांकडे, असं ठरवून घ्या.

पैशांचं पण त्याच बैठकीत विचारा. शासकीय आणि मनपा शाळांना समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान येतं, त्यातून एचडीएमआय केबल, स्पीकर, एक्स्टेन्शन बोर्ड अशा बारीकसारीक गोष्टी बसू शकतात, पण त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत विषय यायला लागतो. ह्या समितीत शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा "डिजिटल साहित्य" असं मोघम न म्हणता "पाचवीच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही, म्हणून स्पीकर" असं सांगा, पालकांना पटतं.

मग शाळेत काय पडलंय ते बघा

बहुतेक शाळांत वस्तू असतात. कुठल्यातरी कंपनीने सीएसआरमधून दिलेला प्रोजेक्टर, नगरसेवक निधीतला इंटरॅक्टिव्ह पॅनल ज्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, बॅटरी फुगलेले टॅब. एक वही घ्या आणि शाळा सुटल्यावर एकेका खोलीत फिरा. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर सकाळचं सुटून दुपारचं भरायच्या मधली अर्धी तासाची फट मिळते तेवढीच.

काय बघायचं? प्लग कुठे आहे आणि तो खरंच चालतो का. अर्थिंग आहे का. दुपारी खिडकीतून ऊन कुठल्या भिंतीवर येतं, कारण त्या भिंतीवर प्रोजेक्टरचं चित्र दिसणार नाही. पंखा चालू असताना स्पीकरचा आवाज शेवटच्या बाकावर पोचतो का, आणि शाळा रेल्वे लाईनला किंवा ठाणे-बेलापूर रोडला लागून असेल तर खिडक्या उघड्या ठेवून हे बघा, बंद करून नाही, कारण मे-जूनच्या घामात खिडक्या बंद करून कोणी शिकवणार नाही. फुगलेल्या बॅटरीचे टॅब लगेच बाजूला काढा, चार्जिंगला लावू नका.

घरच्या मोबाईलची पाहणी पण करा, पण प्रश्न नीट विचारा. "घरी स्मार्टफोन आहे का" विचारलं की नव्वद टक्के हात वर होतात, आणि त्यावर विसंबून आपण व्हिडिओचा गृहपाठ देतो. विचारायचं असं, की संध्याकाळी सात वाजता तो फोन कोणाच्या हातात असतो? तुर्भे, दिघा, वागळे इस्टेट भागातल्या मुलांचे वडील एमआयडीसीत शिफ्टला असतात नाहीतर रिक्षावर, फोन त्यांच्याबरोबर जातो, तो घरी येतो रात्री दहाला, तोपर्यंत पोरगं झोपलेलं. आणि घरात तीन भावंडं असली की फोन मोठ्याकडे, आणि मोठा भाऊ-मोठी बहीण असेल तर फोन भावाकडे. हे कळलं की घरी काय पाठवायचं आणि वर्गातच काय करायचं ते आपोआप ठरतं. माझं स्वतःचं मत असं झालंय की प्राथमिकला जे काही करायचं ते वर्गात, एका स्क्रीनवर, सगळ्यांनी मिळून. घरी लिंक पाठवणं जवळपास बंदच करा.

स्टाफरूममध्ये कान उघडे ठेवा

नवीन तंत्रस्नेही शिक्षक उत्साहात येतो आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कुठलंतरी नवीन ॲप शिकवायला घेतो. कोणाला त्याची गरज नसते. तुम्ही आधी विचारा, की कशात सगळ्यात जास्त वेळ जातो? कशाचा वैताग येतो? उत्तर जवळजवळ कधीच "मला ॲनिमेशन बनवायचंय" असं नसतं. उत्तर असतं प्रश्नपत्रिका, गुणांच्या बेरजा, आकारिक-संकलित मूल्यमापनाच्या नोंदी.

आमच्या शाळेतलंच सांगतो. एक ज्येष्ठ बाई, मराठी शिकवतात, अक्षर मोत्यासारखं, आणि त्यांनी बाहेरच्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून आणलेली घटक चाचणी मोबाईलवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, ब्रॅकेट आणि टोप्या. बाई म्हणाल्या, "बघ रे, व्हायरस आलाय." व्हायरस नव्हता, जुना फॉन्ट होता. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचं चित्र दाखवतो, त्यामुळे तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, म्हणून ते कुठल्याही फोनवर 'क' म्हणजे 'क'च दिसतं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, तरी आपल्याकडे अजून डीटीपीचा कारभार जुन्या फॉन्टवर चालतो.

हे त्यांना सांगितलं, पण नुसतं सांगून काय होतं. त्यांच्याच फोनवर जीबोर्ड ह्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा ॲड केली, गुगल डॉक्स उघडलं, माईक दाबला आणि म्हटलं, बोला बाई. त्यांनी वर्गात सांगतात तसं खणखणीत आवाजात सांगितलं, "खालीलपैकी कोणत्याही दोन प्रश्नांची उत्तरे लिहा." आणि ते वाक्य जसंच्या तसं स्क्रीनवर उमटलं. बाईंनी चष्मा काढला, परत घातला, आणि पुढचा प्रश्न सांगायला सुरुवात केली. त्या दिवसापासून डीटीपीवाल्याचा धंदा थोडा कमी झाला असेल. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं हाताने दुरुस्त करावी लागतात, पण त्यात बाई आपल्यापेक्षा शंभरपट पक्क्या, आता उलट बाकीच्यांच्या प्रश्नपत्रिकांचं शुद्धलेखन त्याच तपासतात.

अशी एक अडचण सोडवली की पुढच्या वेळी तुम्ही वर्गात शिकवण्याबद्दल काही सुचवलं तर लोक ऐकतात.

आता खरं काम: पाठ आधी, टूल नंतर

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर ह्या दोघांनी २००६ साली टीपॅक नावाची एक मांडणी केली (मिश्रा आपल्या पवईच्या आयआयटीत पण शिकलेले आहेत, उगाच अभिमान). म्हणणं साधं आहे, शिक्षकाला विषय कळायला लागतो, तो विषय मुलांना कसा समजतो हे कळायला लागतं, आणि टूल कळायला लागतं, पण हे तिन्ही सुटे सुटे येऊन उपयोग नाही, ते एकाच पाठात एकत्र बसायला लागतात. ट्रेनिंगमध्ये बहुतेक वेळा फक्त तिसरं शिकवतात, कुठलं बटण कुठे आहे ते, आणि मग शिक्षक वर्गात जाऊन त्या बटणाला शोभेल असा पाठ शोधत बसतो.

उलट करा. सहकाऱ्याला विचारा, मुलं कुठे अडतात?

पाचवीच्या बाईंनी सांगितलं, अपूर्णांक. १/३ मोठा की १/४ मोठा म्हटलं की अर्धा वर्ग १/४ म्हणतो, कारण चार तीनापेक्षा मोठे. ह्यावर व्हिडिओ दाखवून काही होत नाही, मुलं टीव्ही बघितल्यासारखी बघतात. आम्ही फेट नावाचं सिम्युलेशन घेतलं, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा हा प्रकल्प आहे, भौतिकशास्त्रातलं नोबेल मिळालेले कार्ल वायमन ह्यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, फुकट आहे, बऱ्याच गोष्टी मराठीत आहेत आणि डाऊनलोड करून नेटशिवाय चालतात, हा आपल्यासाठी मोठा गुण. त्यात अपूर्णांकांचं एक आहे, वर्तुळ, पट्टी, केक, संख्यारेषा, कशावरही भाग करून दाखवता येतात.

पण स्क्रीन लावायच्या आधी बाईंनी पाट्या काढायला लावल्या. प्रत्येकाने आपलं उत्तर पाटीवर लिहायचं, लपवायचं, एक दोन तीन म्हटलं की वर. आता प्रत्येक मूल अडकलं, कारण त्याने शब्द दिलाय. मग स्क्रीनवर एका केकचे तीन भाग, शेजारी दुसऱ्या केकचे चार भाग. आधी गप्प, मग कुजबुज, आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "म्हणजे बाई, वाटेकरी वाढले की हिस्सा कमी." बाईंनी तेच वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि प्रोजेक्टर बंद केला. बरोबर केलं. त्याच्यापुढे स्क्रीनचं काही काम नव्हतं, नंतरचा अर्धा तास कागदाच्या घड्या घालण्यात गेला.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण स्क्रीन किती वेळ चालली होती ते बघा, जेमतेम पाच-सात मिनिटं. निरीक्षणाला आलेले साहेब "पूर्ण तासभर डिजिटल" बघायला मागतात तो भाग वेगळा.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आणि दीक्षा हे सरकारी ॲप तर हाताशीच आहे. दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं, आता शिक्षकाला नवीन राहिलं नाही, पण एक नियम पाळा, वर्गात उघडायच्या आधी घरी पूर्ण बघा आणि डाऊनलोड करून ठेवा. काही व्हिडिओ झकास आहेत, काही म्हणजे कोणीतरी पुस्तक वाचून दाखवतंय. गणिताला जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर आहे, भूमितीसाठी आठवी ते दहावीला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

सहकाऱ्यांना शिकवायचं कसं

हॉलमध्ये चाळीस शिक्षक, पुढे प्रोजेक्टर, मागे चहा, असं ट्रेनिंग आपण सगळ्यांनी केलंय. राज्य स्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, आणि वर्गापर्यंत पोचेस्तोवर ताकाचं पाणी झालेलं असतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स ह्या संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलंय की नुसतं सांगून आणि करून दाखवून वर्गात फारसं काही उतरत नाही, शिक्षक स्वतः करून बघतो, कोणीतरी सोबत असतं, आणि हे परत परत होतं तेव्हाच ते मुरतं. तुम्ही शाळेतच आहात, रोज आहात, म्हणजे बाहेरच्या ट्रेनरला जे शक्य नाही ते तुम्हाला शक्य आहे.

तर असं करा. सगळ्यांना एकदम नको. एक शिक्षक निवडा, तयार असलेला, आणि जमलं तर ज्याचं बाकीचे ऐकतात असा. शाळेतला सगळ्यात टेक्नोसॅव्ही माणूस निवडलात तर लोक म्हणतील, त्याला येतंच होतं. दोघांनी मिळून एक पाठ ठरवा. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात एकदा पूर्ण करून बघा, त्यांच्या हाताने. वर्गात ते शिकवतील, तुम्ही मागे बसाल. नंतर डबा खाताना दहा मिनिटं बोलाल. बस.

आता ह्यात दोन पथ्यं. समोरच्याच्या हातातून मोबाईल किंवा माऊस घ्यायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. "थांबा मॅडम, मी करून देतो" म्हणालात की तिथे शिकणं संपलं, आणि त्या मॅडम पुढची दहा वर्षं तुम्हालाच हाक मारणार. बोटाने दाखवा, तोंडाने सांगा, वेळ लागू दे.

दुसरं, वर्ग बघून आल्यावर शिक्षकाबद्दल नाही, मुलांबद्दल बोला. "तुम्ही जरा घाई केलीत" हे वाक्य कितीही गोड आवाजात म्हटलं तरी तपासणीच वाटते, आणि तुमचं वय त्यांच्या नोकरीइतकं असेल तर विचारूच नका. त्याऐवजी "खिडकीजवळच्या तिघी पाटीवर लिहून पुसत होत्या, त्यांना काय वाटत असेल?" असं विचारा. बाई स्वतःच म्हणतील, मी अजून थोडं थांबायला हवं होतं.

जे शिक्षक अजिबात तयार नाहीत त्यांच्या मागे लागू नका. एक तर त्यांचं बऱ्याचदा बरोबर असतं, खडू-फळ्यावर उत्तम शिकवणाऱ्या माणसाने हातातलं सोडून प्रोजेक्टरशी का झगडावं? आणि दुसरं म्हणजे, थॉमस गस्की ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये मांडलेलं आहे की शिक्षकाचं मत आधी बदलतं आणि मग तो पद्धत बदलतो असं नसतं, तर पद्धत थोडी बदलून मुलांमध्ये फरक दिसला की मग मत बदलतं. स्टाफरूममध्ये वाद घालून कोणी बदललेलं मी तरी पाहिलं नाही. शेजारच्या वर्गातली मुलं बदललेली दिसली की मात्र लोक हळूच विचारतात, काय केलंस रे त्या दिवशी?

शाळेत दोन-तीन पाठ असे झाले की केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागा. पीपीटी नको. ज्यांनी पाठ घेतला त्या बाईंनाच बोलू द्या, तुम्ही केबल सांभाळा.

तुमचं स्वतःचं शिकणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. ते तास कसेही भरता येतात, व्हिडिओ चालू ठेवून भाजी चिरत पण लोक भरतात, आपण सगळे ओळखतो असे लोक. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला शिक्षक प्रशिक्षणाचा निष्ठा कार्यक्रम पुढे दीक्षावर ऑनलाईन आला, त्यातले पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे कोर्स प्राथमिकवाल्यांनी खरंच मन लावून करावेत. प्रॅक्टिकल टीप एवढीच, कोर्स सुरू करायच्या आधी प्रोफाईलमधलं नाव तपासा, प्रमाणपत्रावर तेच छापून येतं, आणि शेवटच्या चाचणीला बहुतेक ठिकाणी ७० टक्के लागतात.

सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, मराठी आवाजात आहे, छोटे छोटे व्हिडिओ, थांबवून थांबवून करता येतात. विज्ञान-गणितवाल्यांना तर आपल्या भागात लॉटरी आहे, वाशीहून खाडी ओलांडली की पहिलं स्टेशन मानखुर्द, आणि तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. त्यांच्या विज्ञान प्रतिभा उपक्रमातले आठवी ते दहावीचे घटक वेबसाईटवर मोफत आहेत. इतकं जवळ असून आपले कितीतरी शिक्षक तिथे एकदाही गेलेले नसतात.

रणजितसिंह डिसले सरांचं नाव प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येतं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिक्षक, २०२० चं ग्लोबल टीचर प्राईझ, १० लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ फायनलिस्टना वाटली. लोकांना डॉलर लक्षात राहतात. मला वाटतं बघायचं ते हे, की पुस्तकात क्यूआर कोड चिकटवायची कल्पना एका छोट्या शाळेतल्या रोजच्या अडचणीतून आली आणि मग राज्याने उचलली. आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची शाळा आहे, डिजिटल शाळा म्हणून गाजलेली, तिथेही गावकऱ्यांच्या वर्गणीचा हात होता. पुरस्कारासाठी धडपडू नका असं नाही म्हणत, केंद्र सरकारचा शिक्षकांसाठी राष्ट्रीय आयसीटी पुरस्कार आहे, जरूर अर्ज करा, पण फाईल बनवायच्या नादात वर्ष जातं हे पण लक्षात ठेवा.

मुलांची माहिती, ग्रुप आणि एआय

हा भाग कोणी शिकवत नाही म्हणून थोडं कडक लिहितो. वर्गाच्या यादीचा फोटो, आधार नंबरसकट, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. टाकतात लोक, रोज टाकतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्यांच्या डेटासाठी पालकांची संमती मागतो. शाळा भरताना जूनमध्येच एक साधं संमतीपत्र घ्या, फोटो कुठे वापरणार ते मराठीत, आणि लागेल तिथे हिंदीतही लिहून.

पालकांच्या ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आयांचे नंबर सुद्धा, आणि त्यावरून नको ते मेसेज गेल्याच्या तक्रारी शाळाशाळांत होतात. म्हणून व्हॉट्सॲप कम्युनिटीचा घोषणा ग्रुप वापरा, त्यात नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि पाठवायचा अधिकार फक्त ॲडमिनला. शाळेसाठी शक्यतो वेगळं सिम. रात्री नऊनंतर उत्तर नाही, हे पहिल्याच पालकसभेत सांगून टाका.

एआयचं म्हणाल तर वापरा, पण काय देताय ते बघून. प्रश्नपेढी, एकाच गणिताची सोपी-अवघड रूपं, इंग्रजी परिच्छेद सोपा करणं, ह्यात वेळ वाचतो. मुलांची नावं, गुण, आजारपणं त्यात टाकायची नाहीत. आणि जे येईल ते ओळीने वाचा, मराठी कधीकधी हिंदी वळणाची येते, शाब्दिक उदाहरण वाचायला छान आणि उत्तर चुकीचं असंही होतं, आणि इतिहासाच्या सनावळ्या तर पुस्तकातून तपासल्याशिवाय फळ्यावर जाऊ देऊ नका.

जमतंय की नाही हे कसं कळणार

फोटो, प्रमाणपत्रं, "किती शिक्षक प्रशिक्षित" ह्याचे आकडे वर पाठवायला लागतात, पाठवा. स्वतःसाठी मात्र वेगळं बघा. पाठ संपताना मुलांना अर्ध्या कागदाची चिठ्ठी द्या, एक प्रश्न, नाव लिहिलं नाही तरी चालेल. पंधरा दिवसांनी, मध्ये काही न सांगता, तोच प्रश्न परत. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवा, तुम्ही आणि त्या वर्गाचे शिक्षक मिळून बघा. फरक नसेल तर ते टूल सोडून द्या, लाज वाटायचं काही कारण नाही. आणि तुम्ही रजेवर असताना शाळेत प्रोजेक्टर लागला होता का, ते दुसऱ्या दिवशी मामांना विचारा, मामा खरं सांगतात.

आणि बदली व्हायच्या आधी

पाऊस सुरू व्हायच्या आत पॅनल आणि प्रोजेक्टरला कव्हर घाला, तळमजल्यावर असेल तर सीपीयू जमिनीवरून उचलून बाकावर ठेवा, लाईट गेली-आली की व्होल्टेज वरखाली होतं, त्यामुळे स्टॅबिलायझरशिवाय पॅनल चालू करू नका.

एक रजिस्टर करा, साधं, लाल कापडी पाठीचं. त्यात प्रत्येक वस्तू कुठून आली, बिल कुठे आहे, वॉरंटी कधी संपते, दुरुस्तीवाल्याचा नंबर, वायफायचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, शाळेचा ईमेल कोणाच्या मोबाईलवर ओटीपी पाठवतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण ईमेल रिटायर झालेल्या सरांच्या नंबरवर आणि सर गावी, अशा स्थितीत पोर्टलची शेवटची तारीख आलेली शाळा तुम्हाला प्रत्येक केंद्रात सापडेल. ओटीपीचा नंबर शाळेच्या सिमवर घ्या. पासवर्ड मात्र रजिस्टरमध्ये लिहू नका, बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या सहीने सील करा, पासवर्ड बदलला की पाकीट बदला. आणि दुसरी एक व्यक्ती, शक्यतो ती पाचवीच्या वर्गातली बाईच, तिला हे सगळं माहीत असू द्या, म्हणजे मे महिन्यात तुमच्या बदलीची ऑर्डर आली तरी जूनमध्ये शाळेला कोणा नवीन पोराकडे बघून "तुम्हाला मोबाईलमधलं येतं ना" विचारायची वेळ येणार नाही. रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, तुमच्या ड्रॉवरमध्ये नको.